दुकानाच्या कार्डाची लिमिट वाढवायची घाई

भाऊ, दुकानातून बँकेचं क्रेडिट कार्ड घेऊन दोनच महिने झाले आणि लिमिट वाढवायला निघालास? जरा दम धर. निदान सहा महिने बिल पूर्ण भर. नुसत्या ‘मिनिमम ड्यू’वर, म्हणजे बिलातल्या कमीत कमी भरायच्या रकमेवर, भागवलंस तर उरलेल्यावर व्याज चढतं. जळगावला मीही घाईत तीन ठिकाणी अर्ज टाकले होते. बँकांच्या चौकशा नोंदल्या गेल्या, सिबिल स्कोअर (कर्ज फेडण्याची आपली पत दाखवणारा आकडा) उतरला, लिमिट होती तेवढीच! ५० हजारांच्या लिमिटवर खर्च १५ हजारांच्या आत ठेव. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो आधी बघ. मग पगाराची स्लिप नाहीतर इन्कम टॅक्स रिटर्न जोडून लिमिट वाढवून माग. शेतीचं, केळीचं उत्पन्न कागदावर नसेल तर ते कोणी धरत नाही. दुकानाच्या काउंटरवरचा पोरगा काहीही सांगो, लिमिट बँकच ठरवते. ‘वाढवून देतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर ठेवून दे.