मासे फिलेट करायला इलेक्ट्रिक सुरी घ्यावी की साधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मालवणजवळ घरगुती खानावळ आहे, रोज 8–10 किलो मासे कापावे लागतात, बाहेरून येणारे पाहुणे फिलेट, म्हणजे काट्यांपासून सोडवलेलं मांस, मागतात, आणि अमेरिकेतला भाऊ इलेक्ट्रिक फिलेट सुरी आणायला तयार आहे. ती मागवावी का?

माझं मत स्पष्ट आहे. आधी एक चांगली साधी फिलेट सुरी आणि धारेचा दगड घ्या. इलेक्ट्रिक नंतरही घेता येईल. ती घेतली तरी साधी सुरी लागणारच, कारण बरगड्यांचे काटे आणि बारीक काटे शेवटी हातानेच काढायचे असतात.

इलेक्ट्रिक सुरीत दोन दातेरी पाती एकमेकांना चिकटून, एक पुढे तर दुसरं मागे अशी वेगाने सरकतात. म्हणजे ती मुळात करवत आहे. काट्याला लागली तरी थांबत नाही, काटाही कापून पुढे जाते. अमेरिकेत तळ्यात एका वेळी पंचवीस-तीस मासे धरणाऱ्यांना हेच हवं असतं: कल्ल्यामागून शेपटीपर्यंत एका दमात, वाटेतल्या बरगड्यांसकट. साध्या सुरीचं बरोबर उलटं आहे. पातं काट्यावर टेकलं की हाताला खरखर जाणवते, आणि तीच खरखर धरून पातं काट्याला चिकटवत न्यायचं असतं. म्हणून काट्यावर मांस कमी राहतं.

आता तुमच्याकडचे मासे बघू. पापलेटचं अंग चपटं आणि पातळ, मांस काट्यांच्या उतारावर पसरलेलं. दोन पात्यांची जाड जोडी त्या उताराबरोबर वाकत नाही, सरळ जाते, आणि चांगलं मांस सांगाड्यालाच राहतं. पापलेटला 6 इंचाचं लवचिक पातं घ्या. डोक्यामागे तिरका छेद द्या, मग अंगाच्या मधोमध मणक्यापर्यंत लांब चीर पाडा आणि तिथून एकदा पाठीकडे, एकदा पोटाकडे मांस सोडवत न्या. बांगड्यालाही इलेक्ट्रिक नको. त्याचं मांस मऊ आणि तेलकट, दात्यांनी फाटतं. सुरमईचं मांस थरांत सुटतं, त्यामुळे करवतीने कडा भुगाळ होतात. तिला 7–8 इंचाचं, जरा कमी वाकणारं पातं बरं. सुरमईच्या फिलेटमध्ये मधोमध गडद तांबूस पट्टा असतो, बारीक काटे त्याच रांगेत असतात. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी चिरून तो काढून टाकला की दोन स्वच्छ लांब पट्ट्या मिळतात.

चोणक (रायगडात जिताडा) आणि तांबोशी यांची गोष्ट वेगळी. मांस घट्ट, बरगड्या जाड. असे दीड-दोन किलोचे आठ-दहा मासे एका बैठकीत करायचे असतील, तरच इलेक्ट्रिक सुरीने वेळ खरंच वाचतो. रोज दोन-तीनच असतील तर ती काढणं, जोडणं, धुणं यातच तो वेळ जातो. गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्याच्या मांसात घुसलेले फाटे फुटलेले काटे मात्र कुठल्याच सुरीने फिलेट करून जात नाहीत.

हाताने चोणक असा करा. कातडी काढायची असेल तर खवले तसेच ठेवा. कल्ल्यामागे, छातीच्या पराच्या मागून, मणक्यापर्यंत तिरका छेद. मग पाठीच्या पराला लागून डोक्यापासून शेपटीपर्यंत फक्त 1 सेंटिमीटर खोल चीर. त्याच चिरेत पुन्हा लांब हात मारत मणक्यापर्यंत उतरा. आखूड आखूड घाव घालू नका, प्रत्येक घावाची पायरी मांसावर उमटते. मणक्यावरून पलीकडे गेलात की पातं किंचित वर वळवा आणि बरगड्यांवरून घसरत न्या. कातडी काढताना फिलेट कातडी खाली ठेवून आडवं टाका, शेपटीकडचं टोक कागदाने किंवा मिठाच्या बोटांनी धरा, पातं जवळजवळ सपाट ठेवा आणि सुरीपेक्षा कातडीच जास्त ओढा. 2 किलोच्या चोणकीतून बिनकातडीचं मांस साधारण 800–900 ग्रॅम निघतं. त्याहून बरंच कमी येत असेल तर सांगाडा उजेडात धरून बघा. पाठीच्या पराजवळ मांस राहिलं असेल तर पहिली चीर परापासून लांब पडते आहे.

मासा थंड हवा, ही गोष्ट सुरीइतकीच महत्त्वाची. कापण्याआधी अर्धा-पाऊण तास बर्फात ठेवा, पण पिशवीत घालून, म्हणजे मांस पाणी पीत नाही. कोमट मासा कुठल्याही धारेखाली चेंगरतो.

इलेक्ट्रिक वापरलीत तर बिघडतं ते बहुधा जोर लावल्यामुळे. पातं मांसात शिरण्याआधी चालू करा, मणक्यापर्यंत उतरलं की आडवं वळवा आणि तिला तिच्या वेगाने जाऊ द्या. दाबलं की पाती वाकून मणक्यात शिरतात, कधी मणका कापून पलीकडच्या फिलेटमध्ये जातात. शेपटीआधी 1–2 सेंटिमीटर थांबा, फिलेट उलटून पसरा आणि त्याच पात्याने कातडी सोडवा. मग कापलेल्या बरगड्यांचा तुकडा साध्या सुरीने काढा आणि फिलेटवरून बोट फिरवून काट्यांचे कण पुसून घ्या. हा टप्पा गाळला तर काटा पाहुण्याच्या ताटात जातो. विणलेले कापरोधक हातमोजे इथे भरवशाचे नाहीत, चालत्या दात्यांत धागा ओढला जाऊ शकतो. पाती काढताना प्लग आधी काढा, मूठ पाण्यात बुडवू नका, आणि ओल्या ओट्याजवळचा सॉकेट 30 मिलीॲम्पिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) असू द्या.

धारेचा फरकही लक्षात घ्या. दातेरी पाती घरी नीट लावता येत नाहीत, बोथट झाली की जोडीच बदलायची. साधं पातं 1000 ग्रिटच्या दगडावर प्रत्येक बाजूला सुमारे 15 अंशांत लावा. पातं 2 सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून 5 मिलिमीटर वर धरा. दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या फिरत्या चाकावर फिलेट सुरी देऊ नका, पातळ पातं तापून धारेचा कडकपणा जातो. स्टेनलेसच घ्या, खाऱ्या हवेत साधं कार्बन पोलाद रोज पुसून तेल लावलं तरच टिकतं.

आणि भावाला इलेक्ट्रिक आणायला सांगायचंच ठरलं तर वायरची नको. ती 120 व्होल्टची असते, आपल्या 230 व्होल्टवर थेट लावली तर मोटर जळते, आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर ओट्याजवळ ठेवणं गैरसोयीचं. बॅटरीवाली आणायला सांगा, चार्जरवर 100–240 व्होल्ट लिहिलंय ना ते आधी बघायला सांगा. सुटी बॅटरी विमानात हातातल्या सामानात ठेवावी लागते, पाती चेक-इनच्या बॅगेत. त्याच मॉडेलच्या पात्यांचा एक जादा जोडही मागवा, कारण दुसऱ्या कंपनीची पाती त्या मुठीत बसतीलच असं नाही.