रातांबा फुलतो पण धरत नाही? खताआधी फूल बघा

देवरुखकडच्या तुमच्या 25 रातांब्यांपैकी (म्हणजे कोकमाच्या झाडांपैकी) पंधरा-सोळा झाडं आठव्या वर्षी फुलतात पण फळ धरत नाहीत, आणि दुकानदाराने फवारणी सांगितली आहे, हे वाचलं आणि माझीच बाग डोळ्यांपुढे आली. कृपा करून फवारणीत पैसे घालू नका. ती झाडं बहुतेक नर आहेत. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि नराला फळ धरत नाही.

बियांच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि फुलं येईपर्यंत ते कळत नाही. मी 40 रोपं ‘कलमं’ म्हणून घेतली. कलमाचा सांधा, म्हणजे मादीची काडी जोडलेली जागा, बघितला नाही, आणि पावतीवर नुसतं ‘कोकम रोपे’ लिहिलेलं, तेही वाचलं नाही. आठ उन्हाळे शिंपणं केलं. 23 नर निघाली. तक्रार घेऊन ज्या कार्यालयात गेलो तिथले साहेब म्हणाले, ‘सगळी जगलीत की, मग तक्रार कसली?’ त्यांच्या कागदावर जिवंत झाडांचा रकाना होता, फळांचा नव्हता. तीन हेलपाटे घातले, दर वेळी नवा अर्ज. भाताचं बियाणं फसलं तर एक हंगाम जातो, इथे आठ वर्षं गेली. अजून राग येतो.

आता तुमचं. थंडीत फुलं येतील तेव्हा झाडाझाडाखाली उभे राहा. नराची फुलं झुबक्याने येतात, मधोमध पुंकेसरांचा गठ्ठा असतो. मादीचं फूल एकेकटं किंवा दोन-तीन मिळून, आणि मधे गोल गाठ फुगलेली. नराला चिंधी बांधून ठेवा, नंतर आठवत नाही.

रागाने सगळे नर तोडू नका. दहा झाडांमागे एखादा राहू द्या. बाकीच्यांचं खोड छाटून नव्या फुटव्यांवर मादीच्या काडीचं कलम करता येतं. मी 15 झाडांवर केलं, 11 जगली. काडी सरळ वर वाढणाऱ्या फांदीचीच घ्या. आडव्या फांदीची घेतलीत तर झाड वर न चढता जमिनीलगत पसरतं. सांध्याखालचे फुटवे काढत राहा, नाहीतर ते नराचं झाडच परत जोर धरतं.

मी शास्त्रज्ञ नाही, तुमची जमीनही पाहिलेली नाही, तेव्हा कलम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. नवीन लावणार असाल तर माझं ठाम मत, बियांचं रोप फुकट मिळालं तरी नको. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ या जातीची कलमं घ्या. तिची फळं लवकर तयार होतात, आणि कोकणात तेच महत्त्वाचं. मेअखेरीला पाऊस आला की पिकलेली फळं झाडाखाली कुजतात, आणि मीठ घातलेल्या रसात बुडवून सालं परत परत वाळवायला ऊनच उरत नाही. आमच्याकडे गेल्या खेपेला दोन टोपल्या सालांना बुरशी आली, तेव्हापासून उशिराची फळं सरळ आगळासाठी (मीठ घालून टिकवलेल्या रसासाठी) काढतो.

आणि बिया टाकू नका. वाळवून, कुटून, उकळत्या पाण्यात घातल्या की वर तेल येतं. गोठलेला तो गोळा भातकापणीच्या दिवसांत भेगाळलेल्या टाचांना लावायला घरात असू द्या.