आधी आतलं मोज

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोन सड्यांवरच्या (जांभ्याच्या पठारांवरच्या) दोन पाली, मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग, त्याचा डीएनए वेगळा) एका जनुकात सात टक्के फरक, आणि प्रश्न एकच: ‘सर, नवी जात म्हणू का?’

मी उलट विचारतो. एकाच सड्यावरच्या दोन पालींत किती फरक असतो? तुला माहीत नाही, कारण दोन्हीकडून तू एकेकच आणलीस. मग सात टक्के जास्त की कमी, हे कशाच्या मानाने ठरवलंस?

आधी आतलं मोज. मग बाहेरचं.

१९७२ साली अमेरिकेतले जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी माणसांचे रक्तगट आणि प्रथिनं घेऊन हिशेब मांडला. सुमारे ८५ टक्के विविधता एकेका लोकसमूहाच्या पोटातच निघाली. ज्यांना ‘वंश’ म्हणतात त्यांच्यामधली जेमतेम सहा. आतलं मोजलं म्हणून हे दिसलं. उलट टोक चित्त्याचं. १९८३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ५५ चित्त्यांची ४७ प्रथिनं तपासली, तर एकातही वेगळेपणा नाही. अशा प्राण्यात एफएसटी, म्हणजे एकूण विविधतेतला समूहासमूहांमधला वाटा, काढशील तर सांभाळ. ते गुणोत्तर आहे. आतलं शून्याकडे गेलं की बाहेरचा चिमूटभर फरकही डोंगराएवढा दिसतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पंचवीस वर्षांपूर्वी घाटाच्या दोन टोकांवरून बेडूक आणले. मधल्या चार खोऱ्यांत गेलोच नाही. पाऊस सरत आला होता, पैसेही. (एका सीक्वेन्सला, म्हणजे जनुकाची अक्षरं वाचायला, तेव्हा काय पडायचं, हे तुम्हाला सांगून पटायचं नाही.) दोन जाती म्हणून छापून मोकळा झालो. पुढे कुणीतरी त्या खोऱ्यांत हिंडून आलं, तर फरक पायरीपायरीने वाढत गेलेला, कुठे तुटलेलाच नाही. मी अंतर मोजून त्याला जात म्हटलं होतं. माझे आकडे चुकीचे नव्हते हं! टोकाचे बेडूक आजही तितकेच वेगळे आहेत. आणि त्या काळी सगळेच असं करायचे. असो, ही सबब तू वापरू नकोस.

तेव्हा प्रत्येक सड्यावरून दहा-बारा पाली बघ, आणि मधल्या गावांच्या गडग्यांवरच्याही. शेपटीचं टोक पुरे, जीव घ्यायला नको. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. नर भटके आणि माद्या घरकोंबड्या असतील तर तो तुला नसलेली फट दाखवेल. केंद्रकातली जनुकंही घे.

‘कुणी आधी छापलं तर?’ छापू दे की! एकेका पालीवर छापणाऱ्याचं पुढे काय होतं, ते वर लिहिलंच आहे.

वनखात्याच्या परवानगीचा अर्ज या आठवड्यातच टाक. पाऊस लागला की सड्यावर उभं राहवत नाही. आणि जाण्याआधी घरी ये. त्या चार खोऱ्यांचे नकाशे मी तेव्हाच विकत घेतले होते. अजून घडीसुद्धा मोडलेली नाही.

तुझा,
सर