बाटली ओतून इंजिन साफ होतं का?

प्रश्न: माझी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 85 हजार किमी झालेत. सकाळी स्टार्ट केली की थोडा वेळ थरथरते, अॅव्हरेजपण पडलंय. सर्व्हिसिंगला नेली तर इंजिन फ्लश (ऑइलमध्ये बाटली ओतून इंजिन आतून धुणं) आणि इंजेक्टर क्लीनर (पेट्रोलच्या टाकीत ओतायचं) दोन्ही करून घ्या म्हणाले. ओळखीचे मेस्त्री म्हणतात ऑइलमध्ये थोडं रॉकेल टाकून चालवा. काय करू? (सांगली)

उत्तर: रॉकेल अजिबात नको दादा, आधी हेच सांगतो. त्याने ऑइल पातळ होतं आणि क्रँकच्या बेअरिंगला जो ऑइलचा थर वाचवतो तोच तुटतो.

आता थरथर. बाटली घ्यायच्या आधी प्लग काढून बघा, कॉइल आणि एअर फिल्टर बघा, आणि थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, साफ करून घ्या, कारण टाकीत ओतलेलं क्लीनर तिथे पोचतच नाही, तिथून फक्त हवा जाते, ती स्प्रे मारून हातानेच पुसावी लागते. अॅव्हरेजसाठी टायरमधली हवापण तपासा. बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं.

तरी फरक नाही पडला तर पेट्रोलमधलं क्लीनर जरूर वापरा. तुमच्या काळातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टर व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला पेट्रोल मारतो, त्यामुळे इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह दोन्ही धुतले जातात. लेबलवर पीईए म्हणजे पॉलीइथरअमाईन आहे का ते बघा, साचलेल्या कार्बनवर तेच खरं चालतं. किती लिटरला किती ते बाटलीवर असतं, त्याहून जास्त ओतून जास्त साफ होत नाही. ओतलं की टाकी फुल करा, हायवेला एक लांब फेरी मारा. यातलं थोडं पिस्टन रिंगमधून ऑइलमध्ये उतरतं म्हणून ऑइल बदलायच्या आधीच्या टाकीला वापरलेलं बरं. दर टाकीला नको.

फ्लशबद्दल माझं मत स्पष्ट आहे, ऑइल वेळेवर बदलत आला असाल तर गरजच नाही, चांगल्या ऑइलमध्ये डिटर्जंट असतंच. आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली काळा चिकट गाळ दिसत असेल तर उलट जास्त जपा, फ्लशने तो गाळ एकदम सुटतो, खाली सम्पच्या, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्याच्या, जाळीत अडकतो, ऑइल प्रेशर पडतं आणि इंजिनच जाऊ शकतं. त्यापेक्षा पुढची दोन ऑइलं फिल्टरसकट लवकर बदला, गाळ हळूहळू निघू द्या.

एक सांगायचं राहिलं, नवीन टर्बो पेट्रोलवाल्यांसाठी, कारण त्यातल्या बऱ्याच गाड्या डायरेक्ट इंजेक्शनच्या असतात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हला लागतच नाही, म्हणून टाकीतल्या बाटलीने तिथला कार्बन जाणार नाही. तिथे इनटेक खोलून अक्रोडाच्या टरफलाचा भुगा प्रेशरने मारतात.

प्रश्न: बीएस6 डिझेल आहे, रोज गावातल्या गावात फिरते. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागतो. अॅडिटिव्ह टाकू का? (नाशिक)

उत्तर: आधी मॅन्युअल वाचा, बहुतेक गाड्यांत दिवा नुसता लागलेला असेल तर हायवेला सलग वीसेक मिनिटं एकसारख्या स्पीडने चालवली की काजळी जळून जाते. मध्येच बंद करू नका. दिवा परत परत लागत असेल तर डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून बघा, लेव्हल वर चढली असेल तर अर्धवट राहिलेल्या रीजनरेशनचं (काजळी जाळण्याच्या प्रक्रियेचं) डिझेल ऑइलमध्ये उतरतंय, मग बाटलीचा विचार सोडा आणि ऑइल बदलून स्कॅनर लावून घ्या.