वाचकांचे प्रश्न : परागाची पुडी

प्रश्न : शेडनेटमध्ये अँथुरियमची दोन झाडं आहेत. एकाचा पराग सुटतो तेव्हा दुसऱ्याची मादी अवस्था, म्हणजे पराग घेण्याची वेळ, संपलेली असते. म्हणून पराग प्लास्टिकच्या डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवला, तर आठवड्यात गोळे झाले, बुरशीही आली. – एक वाचक, ता. वरोरा

उत्तर : पराग ओला असतानाच डबीत कोंडला गेला. साठवण मात्र करावीच लागेल, कारण अँथुरियमच्या कणसावर, म्हणजे फुलाच्या मधल्या दांड्यावर, आधी मादी अवस्था येते आणि ती ओसरल्यावरच पराग सुटतो, तोही बुडापासून शेंड्याकडे.

सकाळी, कूलर बंद करून, कणसाखाली बटर पेपर धरा आणि मऊ ब्रशनं हलकेच झाडा. कचरा येऊ देऊ नका. पराग वहीच्या कागदाच्या पुडीत घालून, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत दोन-तीन मोठे चमचे सिलिका जेलवर (ओल शोषणारे दाणे) दिवसभर ठेवा. निळं जेल गुलाबी झालं, की त्यानं पोटभर ओल प्यायली. मंद आचेवर पुन्हा निळं होतं, पण ती कढई परत भाजीला घेऊ नका. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.

सुकलेला पराग चिमूट-चिमूट फॉइलच्या पुड्यांत बांधा. नाव, तारीख लिहा आणि जेलसकट बरणी फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. गार बरणी लगेच उघडली, की पुड्यांना घाम फुटतो आणि पराग परत ओला. लाइट तासन्‌तास जाते तिथं बरणी बर्फाच्या पिशव्यांत रुतवून ठेवा.

मादी अवस्थेतलं कणीस तिरप्या उजेडात पाहा. बारीक थेंब चमकले, की बोटानं पराग चोळा. थेंब दिसतील तितके दिवस रोज. मे महिन्याच्या झळांत ते बघता बघता वाळतात, त्यामुळे हा खटाटोप पोळ्याच्या आसपास केलेला बरा. फळ धरलं तर कणीस हिरवं राहून फुगतं, नाहीतर पिवळं पडतं. पिकायला सहा महिने तरी धरा. बी गर धुऊन लगेच पेरा, ते साठवून टिकत नाही.

प्रश्न : हेच सुरणाला चालेल का?

उत्तर : चालेल. घाण वास सुटतो तो पहिला दिवस मादी फुलांचा, पराग दुसऱ्या दिवशी पडतो. एकच कंद फुलला असेल तर त्याचा पराग पुढच्या फुलासाठी ठेवा. मादी फुलं खाली, फुलाच्या घोळात दडलेली असतात. ब्लेडनं बुडाशी खिडकी कापून ब्रश आत घाला. हातमोजे घाला, नाहीतर खाज सुटेल.