वॉर्डात नवीन आहेस म्हणून सांगते

अँटिबायोटिकमुळे जंतू नवं काही शिकतो, असं समजू नकोस. कोट्यवधी जंतूंपैकी एखाद्यात औषधाला प्रतिकार करणारा बदल आधीच झालेला असतो. बाकीचे मेले की त्याला रान मोकळं. खरी धास्ती प्लास्मिडची. प्रतिकार वाहून नेणारं डीएनएचं हे छोटं वर्तुळ क्लेबसिएला हा जंतू ई. कोलाय या दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो, म्हणजे प्रतिकार जात ओलांडून पसरतो. मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस जंतू १९६१ मध्येच नोंदला गेला, औषध येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

म्हणून शक्य तिथे पहिल्या डोसआधी कल्चर (कोणता जंतू आणि त्यावर कोणतं औषध चालतं, हे पाहायचा नमुना) पाठव. रिपोर्ट आला की औषध बदलायचं का, हे डॉक्टरांना आवर्जून विचार. कॅथेटरवर, म्हणजे शरीरात घातलेल्या नळीवर, जंतूंचा थर जमतो, त्यात औषध नीट पोहोचत नाही. कॅथेटर अजून हवाय का, हे रोज विचार. आणि दोन खाटांमध्ये हात स्वच्छ कर, कितीही घाई असली तरी.