रंगवलेली प्रत्येक भिंत फ्रेस्को नसते

एका वाचक बाईंचा प्रश्न आहे: "मेक्सिको सिटीत सान इल्देफोन्सोचं संग्रहालय पाहिलं. काही चित्रांच्या माहितीत 'फ्रेस्को' लिहिलं होतं, काहींच्या 'एन्कॉस्टिक'. मराठीत दोन्हींना भित्तिचित्रच म्हणायचं ना?"

म्हणा की. चित्र भिंतीवर आहे, एवढंच तो शब्द सांगतो. (एन्कॉस्टिक म्हणजे मेणात कालवलेल्या रंगाचं काम; त्याकडे शेवटी येतो.) उलट दिशेने मात्र जाऊ नका. हल्ली कॉफीच्या दुकानात कुणी अ‍ॅक्रिलिकचा मोर काढला तरी तो 'फ्रेस्को', आणि अजिंठा तर गाइडपासून रविवारच्या पुरवणीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी 'फ्रेस्को'. अहो, अजिंठ्याचं काम मातीच्या वाळलेल्या थरावरचं आहे, रंगात चिकटा घालून केलेलं. खऱ्या फ्रेस्कोत नेमका चिकटाच नसतो.

इटालियन 'फ्रेस्को' म्हणजे ताजं, हे ठाऊक असेलच. पण ताजं काय? तर गिलावा. कळीचा चुना विरवायचा, वाळू मिसळून शेवटचा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावायचा. सुकताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखा होतो आणि रंग त्यात कायमचा अडकतो. म्हणून दिवसभरात रंगवून होईल तेवढाच तुकडा लिंपायचा. बिघडलं तर छिन्नी घ्यायची, तुकडा उडवायचा आणि नव्याने लिंपायचा.

आता खरी गंमत. 'गिलावा' हा फारसी 'गिलाबा'. 'गिल' म्हणजे माती, 'आब' म्हणजे पाणी. शब्दाच्या पोटातच ओल आहे! फारसीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे 'गिल' (माती) आणि 'गुल' (फूल) कागदावर अगदी सारखे दिसतात. त्या गुलला आब जोडलं की 'गुलाब', म्हणजे मुळात गुलाबपाणी. आपण फुलालाच ते नाव देऊन टाकलं. तोच गुलाब अरबीत जाऊन 'जुलाब' झाला, आधी गोड औषधी पेय आणि मग पोट साफ करणारं औषध. तेव्हा भिंतीवरचा गिलावा, कोटावरचा गुलाब आणि सकाळी धावायला लावणारा जुलाब, तिघेही या आबाचे नातेवाईक.

माझा कयास सांगतो, पटला तर घ्या. लिंपण मातीचं-शेणाचं आणि घरच्या बाईच्या हातचं. गिलावा चुन्याचा, थापीचा, मजुरी मोजून करून घेतलेला. बहमनी आणि आदिलशाही बांधकामांवरच्या गवंड्यांबरोबरच हा शब्द मराठीत रुजला असणार, आणि रुजताना मातीवरून चुन्यावर सरकला.

एवढा नेमका शब्द घरात असताना कोशवाल्यांनी फ्रेस्कोला काय म्हटलं? 'भित्तिलेपचित्रण'! सात अक्षरं आणि त्यात थेंबभर पाणी नाही. कपाळावरचा चंदनाचा लेप वाळला तरी लेपच राहतो. मग ओलेपणा कुठे सांगितला तुम्ही? संस्कृत धातूवाचून परिभाषा शुद्ध होत नाही, ही यांची जुनी खोड. फारसी म्हणून गिलावा नको असेल तर आधी कागद आणि शाई परत करा. मी सरळ 'गिलावाचित्र' म्हणतो.

हां, तुमचं सान इल्देफोन्सो. जेझुइटांनी १५८८ मध्ये स्थापलेलं कॉलेज, पुढे राष्ट्रीय प्रिपरेटरी शाळा, १९९२ पासून संग्रहालय. १९२२ च्या सुमारास शिक्षणमंत्री वास्कॉन्सेलोस यांनी इथल्या भिंती तरुण चित्रकारांच्या हवाली केल्या. जिन्यात समोरासमोर दोन चित्रं आहेत, ती आठवा. लाल भाल्यांच्या तिरप्या रेघांनी अंगावर येणारी ज्याँ शार्लोने रंगवलेली कत्तल हे गिलावाचित्र, आणि समोरची फेर्नांदो लेआलची चाल्माची जत्रा एन्कॉस्टिक. एका जिन्यात दोन्ही जाती! सभागृहातलं दिएगो रिव्हेराचं 'निर्मिती'सुद्धा एन्कॉस्टिकच, त्यामुळे 'रिव्हेराचा पहिला फ्रेस्को' असं त्याच्याबद्दल कुणी लिहिलं तर खुशाल खोडा. फ्रेस्कोकडे तो नंतर वळला. तेव्हा शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर त्याने फड्या निवडुंगाचा रस घालून पाहिला आणि लवकरच सोडून दिला. निवडुंग त्यांच्याच मुलखातला. आपले गवंडी चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालत, आणि त्या चुन्यावर भिंती उभ्या राहिल्या.

एन्कॉस्टिक म्हणजे मेण आणि राळेत कालवून उष्णतेने बसवलेला रंग. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'आत भाजलेलं'. त्याला 'मेणचित्र' म्हणा. मेणबत्ती चालते तर मेणचित्र का चालू नये?